पेट्यांतून आलेली गिरणी

जर्मन शिकवणाऱ्या आमच्या बाई मला पहिल्यांदा दिसल्या त्या सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये, माझ्या मुलीच्या चाइल्डकेअरच्या दारात. संध्याकाळी मुलांना न्यायला येणाऱ्यांत घरकामाच्या फिलिपिनो मुली असत, चिनी आज्या असत आणि एमआरटीतून, इथल्या मेट्रोतून, उतरून धावत येणाऱ्या माझ्यासारख्या आया. त्यांच्यात ही उंच, रुंद हाडाची, पांढरे केस आखूड कापलेली बाई कुणाशी न बोलता उभी असे. गोरी माणसं आमच्या सरकारी वसाहतीच्या ब्लॉकांकडे फारशी फिरकत नसत, त्यांची घरं महागड्या खासगी कॉन्डोत, शहराच्या दुसऱ्या अंगाला. म्हणून मी तिच्याकडे बघायचे. ती मात्र माझ्या ओढणीकडे बघायची. एकदा तिने पुढे होऊन ओढणीचं टोक चिमटीत धरलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाली, "कॉटन." मग ओशाळून हात मागे घेतला.

हळूहळू कळत गेलं ते असं. बाईंचा मुलगा इथे संगणकाच्या चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ होता. सून इथलीच, चिनी, हॉस्पिटलात नर्स. दोघांच्याही पाळ्या, म्हणून नातवाला सांभाळायला त्यांनी बाईंना बोलावून घेतलं होतं. नवरा मागे गावीच राहिला होता. बाईंना इंग्रजी जेमतेम येई. त्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या, शाळेत परकी भाषा म्हणून त्यांना रशियन शिकवलेली. "सगळी शाळाभर रशियन शिकलो," त्यांनी मला पुढे सांगितलं, "आणि मग एकदम ती कुणालाच नको झाली." त्यांचं इंग्रजी नातवाकडून आलेलं होतं, त्यामुळे काही विचारलं की त्या अगदी गंभीर चेहऱ्याने "कॅन लाह" म्हणत, इथली मुलं ‘हो, चालेल की’ म्हणतात तसं.

मी तेव्हा एका जर्मन कंपनीच्या इथल्या ऑफिसात अकाउंट्स बघत होते. मुख्य ऑफिसकडून येणारे कागद जर्मनमध्ये असत आणि साहेबांनी एक-दोनदा सुचवलं होतं की थोडी भाषा शिकलीस तर बरं. मी बाईंना विचारलं. त्या कधी शिक्षिका नव्हत्या, पण हो म्हणाल्या. दर शनिवारी दुपारी त्या नातवाला घेऊन आमच्या घरी येत. तो आणि माझी मुलगी जमिनीवर खेळत बसत, आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन. पैसे त्यांनी घेतले नाहीत. वरण-भात मात्र आवडीने खायच्या.

भूतकाळ शिकत होतो तेव्हाची गोष्ट. बाईंनी घरच्या माणसांवर वाक्यं करायला सांगितली. मी अडखळत एक वाक्य जुळवलं: माझे वडील सूतगिरणीत काम करत होते. खरं तर ते अजून तिथेच फिटर होते, पण धडा भूतकाळाचा होता. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"सूत काढतात की कापड विणतात?"

"सूत."

"मीही," बाई म्हणाल्या. "एकवीस वर्षांची असल्यापासून. शेवटी पाळीची मुख्य होते."

त्या दिवशी धडा तिथेच राहिला. त्यानंतरच्या बऱ्याच शनिवारी तो तसाच राहिला. बाई बोलायच्या, मी ऐकायचे, आणि अडले की त्या तेच सोप्या शब्दांत पुन्हा सांगायच्या. माझं जर्मन खरं तर त्यातूनच झालं.

त्यांच्या देशाचे दोन तुकडे होते, मधली भिंत पडली आणि लोक तिच्यावर चढून नाचले, एवढं मी शाळेत असताना दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिलं होतं. पुढे काय झालं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाईंचं गाव दक्षिणेला, डोंगराच्या खोऱ्यात. अख्खं खोरं गिरण्यांवर जगायचं. गिरणीचंच पाळणाघर, गिरणीचाच डॉक्टर, उन्हाळ्यात समुद्रकाठी जायला गिरणीचंच विश्रामगृह. बाई आणि त्यांचा नवरा एकाच गिरणीत. नवरा फिटर, माझ्या वडिलांसारखाच.

"भिंत पडली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पैसा बदलला," बाईंनी सांगितलं. "पश्चिमेचा मार्क आला. पगाराचा आकडा तोच, पण आता खऱ्या पैशात. आम्ही इतके खूश होतो की बँकेतून थेट दुकानात गेलो. दुकानातून आमच्याकडचा सगळा माल गेलेला. पश्चिमेचा साबण, पश्चिमेची कॉफी. मी टॉवेल घेतले. पश्चिमेचे, छान रंगाचे." त्यांनी वही बाजूला सारली. "सूतगिरणीतली बाई मी, आणि मी टॉवेल घेतले. सगळ्यांनीच घेतले."

त्यांच्या गिरणीचं सूत पोलंडला आणि रशियाला जायचं. आता त्याचा दाम मार्कात मोजायला हवा होता आणि त्या लोकांपाशी मार्क नव्हते. ऑर्डर यायच्या थांबल्या. इकडे पगार मात्र नव्या, महाग पैशात द्यायचा. गोदाम भरलं, मग सूत गुंडाळलेले शंकूसारखे कोन जिन्याखाली रचून ठेवले. सरकारने गिरण्या विकायला काढल्या तेव्हा पश्चिमेकडून एक मालक आला. त्याच्या स्वतःच्या तिकडे गिरण्या होत्या. त्याने ही घेतली, तिची उरलीसुरली गिऱ्हाइकं घेतली आणि ही बंद केली. आधी बायकांना काढलं. चाळिशीतल्या बाईला नवीन काम द्यायला कुणी तयार होईना. बाई शहरातल्या रोजगार कचेरीत गेल्या तेव्हा तिथल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना फुलांचे गुच्छ बांधायचा वर्ग सुचवला. तोही त्यांनी केला.

त्यानंतर सरकारी योजनेतून त्यांना काम मिळालं ते आपलीच गिरणी मोडण्याचं. यंत्रं विकली गेली होती, ती सुटी करून पेट्यांत भरायची होती. नवऱ्याने साफ नकार दिला. "मी बसवलेलं मी सोडवणार नाही," म्हणाला आणि घरी बसला. बाई गेल्या. त्यावरून दोघांत जे वाजलं ते कधी पुरतं मिटलं नाही.

"तुम्ही का गेलात?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर कसंही कोंबलं असतं. ते पुढे कुठेतरी पुन्हा उभं करायचं होतं ना. मी प्रत्येक भागाला ग्रीस लावलं, तेलकागदात गुंडाळलं, नंबर घातले."

"यंत्रं कुठे गेली?"

"तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "भारतात. दोन माणसं बघायला आली होती. हिवाळा होता, त्यांचे कोट त्यांच्या मापाचे नव्हते. त्यातल्या एकाने यंत्राला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला. मला वाटलं, धूळ पुसतोय."

मी त्यांना सांगितलं की तो नमस्कार होता.  नातवाच्या जेवणाची वेळ झाली म्हणून बाई उठल्या.

त्या संध्याकाळी मला स्वयंपाक सुचेना. कारण अशाच पेट्या मी पाहिल्या होत्या. मी दहावीत असताना इचलकरंजीत, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, गिरणीत, जर्मनीहून जुनी यंत्रं आली होती. ट्रेलर वळणावर अडकला होता आणि सगळी गल्ली तो बघायला लोटली होती. यंत्रांना हार घातले, नारळ फोडले, कामगारांना पेढे वाटले. आप्पा पंधरा दिवस घरी फक्त जेवायला येत होते. जेवताना त्यांना दुसरा विषय नव्हता. एकदा आईला म्हणाले होते, "काय बांधलंय गं त्या लोकांनी. एक नट हलला न्हाई. जसं काय पोरगी सासरी धाडतात तसं." पेट्यांची लाकडं नंतर कामगारांनी वाटून घेतली. आमच्या वाट्याच्या फळ्यांचं माझं अभ्यासाचं टेबल झालं. त्यावर न कळणारी काळी अक्षरं होती आणि मी ती पेनाने गिरवत बसायचे.

ती यंत्रं बाईंच्याच गिरणीची होती, असं मी म्हणत नाही. त्या खोऱ्यात गिरण्या कितीतरी होत्या, आणि जुनी यंत्रं घेणारं गावही आमच्याकडे एकच नव्हतं. आम्ही शोध घेतला नाही. घ्यावा असं दोघींनाही वाटलं नाही. पण त्या यंत्रांमुळे आमच्या गिरणीत तिसरी पाळी सुरू झाली, आप्पांचा हुद्दा वाढला, आणि मला कोल्हापूरला कॉलेजात ठेवणं त्यांना जमलं, एवढं खरं होतं. पुढच्या शनिवारी हे बाईंना सांगताना मला अवघड झालं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुठेतरी चाललं."

आप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेट्या कशा बांधल्या होत्या ते पुन्हा सांगायला लावलं.  मग ते म्हणाले, "त्या बाईला एकदा बघाय पाहिजे."

ते आले त्या वर्षी इंडोनेशियातल्या जळत्या जंगलांचा धूर सिंगापूरवर दाटला होता. आई येऊ शकली नाही, गावी माझ्या भावजयीचे दिवस भरत आले होते. आप्पांच्या वाट्याला सिंगापूर आलं ते सगळं करडं. मर्लायनचा पुतळा धुरात, सेंटोसा बेट धुरात. मुस्तफाच्या मोठ्या दुकानात नेलं तर तिथल्या टॉवेलांच्या रांगेशी थांबून ते एकेक टॉवेल उलटून बघत राहिले. घेतलं काहीच नाही. घरी खिडक्या बंद ठेवून आम्ही बसायचो. मला ते जरा गप्प वाटले, पण मी म्हटलं, परकं गाव आहे, घसा धरलाय. "गिरणी काय म्हणते?" असं विचारलं की फोनवर म्हणायचे तसंच म्हणायचे, "चाललंय."

शनिवारी बाई आल्या. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला होता. आप्पांनी हात जोडले, बाईंनी हात पुढे केला, मग आप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. मी चहा केला आणि मधल्या खुर्चीत दुभाषी होऊन बसले.

सुरुवातीला सोपं होतं. किती पाळ्या, कापूस कुठला, धागा तुटायचं प्रमाण काय. माझे शब्द कमी पडायला लागले तसे ते दोघं हातांनी बोलायला लागले. आप्पांनी टेबलावर बोटाने स्पिंडलची, चात्यांची, रांग काढली. बाईंनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवून तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवलं, आप्पांनी मान हलवून आपल्याकडची रीत दाखवली. पेट्यांची गोष्ट निघाली. आप्पा म्हणाले, "तिला सांग, बांधणी नंबर एक होती." मी सांगितलं. बाईंच्या गालावर लाली आली. इतक्या दिवसांत मी ती पाहिली नव्हती.

मग बाईंनी विचारलं, "ती अजून चालतात का?"

मी प्रश्न मराठीत केला. आप्पांनी कप खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"न्हाई म्हणावं. बंद पडली गिरणी. गेल्या दिवाळीपासनं."



"आप्पा, दिवाळीपासून?"

"आधी तिला सांग," ते म्हणाले. "मग तुला सांगतो."

‘बंद’साठीचा जर्मन शब्द मी पहिल्या महिन्यात शिकले होते, दुकानांच्या वेळा शिकताना. तोच वापरला. माझा आवाज बरोबर निघाला नसावा, कारण बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आप्पांकडे. काय घडलंय ते त्यांना तिथेच कळलं असं मला वाटतं. पण माझी समजूत घालायला त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आप्पांना विचारलं, "यंत्रं कुठे आहेत?"

"जागेवरच हायती. लाइट तोडलीया. स्पिंडलवर सूत हाय तसंच हाय."

"ग्रीस?"

"कोण लावणार."

बाईंनी मान डोलावली. मुलांनी काहीतरी पाडलं, त्यावरून भांडण झालं, मी उठून ते मिटवून आले. परत आले तर दोघं तसेच समोरासमोर बसले होते. आप्पा म्हणाले, "तिला विचार, त्यांची माणसं पुढं काय करत्यात."

बाईंनी विचार करून, सावकाश सांगितलं. तरुण सगळे पश्चिमेला गेले. त्यांचा मुलगाही आधी तिकडेच गेला, मग इकडे. सरकारने पैसा ओतला, खोटं कशाला बोला. रस्ते नवे झाले, घरोघरी टेलिफोन आला, चर्चला रंग लागला, नदी स्वच्छ झाली. पण शाळा बंद झाली, मुलंच नव्हती. त्यांची वसाहत अशीच होती, आमच्या सेंगकांगसारखी, एकसारख्या इमारतींची. तिथे आता एकेक रिकामी इमारत पाडतात. पाडायलाही सरकारच पैसे देतं. बाईंच्या जिन्यावर तीनच बिऱ्हाडं उरली होती.

आप्पांनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडे पुंगोलच्या बाजूला नव्या ब्लॉकांच्या क्रेन धुरात अर्ध्याच दिसत होत्या.

"आणि तिचा मालक? फिटर हुता न्हवं?"

"तो तेव्हा घरी बसला तो बसलाच," बाई म्हणाल्या. "वाईट माणूस नाही. पीत नाही, मारत नाही. त्याला फक्त सकाळ कशी घालवायची ते जमलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, हे नीट सांगा म्हणून. "मला ती भिंत परत नको आहे. माझा भाऊ पलीकडे होता. आई गेली तेव्हा त्याला येऊ दिलं नाही. देश एक झाला ते चांगलंच झालं. पण देश एक झाल्याचा सण असतो ना, त्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही."

हे मी मराठीत कसं सांगितलं ते आठवत नाही. आप्पा "व्हय, व्हय" म्हणत राहिले. निघताना बाईंनी पुन्हा हात पुढे केला.

त्या गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. आप्पा ओट्याशी येऊन उभे राहिले. आईलाही त्यांनी शपथ घातली होती. "तुला कळलं असतं तर तू पैसे धाडले असतेस," ते म्हणाले.

"मग? पाठवले असते तर काय झालं असतं?"

"म्हणूनच."

"त्या बाईंना मात्र सांगितलंत."

"तिनं यंत्राचं विचारलं, माझं न्हाई," आप्पा म्हणाले. "यंत्राबद्दल खोटं कसं सांगणार?"

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. वर्षभर दर रविवारी मी फोनवर बोलत होते. मुलीचे दात, ऑफिस, नवीन सोफा, सगळं सांगत होते, आणि ते पलीकडून ‘चाललंय’ म्हणत होते. अजून थोडे दिवस राहा म्हटलं तर म्हणाले, "इथं मला काय काम हाय?" तिकीट होतं त्याच्या आधीच्या आठवड्यात ते परत गेले. विमानतळावर धुरामुळे विमान उशिरा सुटणार होतं. फूड कोर्टात बसून आम्ही पाटीवरच्या विमानांच्या वेळा वाचत राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. एरवी मीच करायचे, म्हणून मी घाबरले. गिरणीचा लिलाव झाला होता. भंगारवाल्याला यंत्रं सोडवायला माहितगार माणूस हवा होता, त्याने आप्पांना रोजावर बोलावलं होतं. "त्या बाईला विचार," आप्पा म्हणाले, "जाऊ का नको."

मी शनिवारपर्यंत थांबले नाही. संध्याकाळी चाइल्डकेअरच्या दारात बाईंना गाठून विचारलं. त्या नातवाच्या बुटाचा पट्टा लावत होत्या. लावून झाला तरी तशाच वाकून राहिल्या.

"कापणार आहेत का ती?"

"हो. गॅस कटरने. वजनावर गेली आहेत."

"मग जाऊ नका म्हणावं. मी गेले कारण ती पुन्हा उभी राहणार होती." त्या उभ्या राहिल्या. "पण घरीही बसू नका म्हणावं. हेही सांगा. विसरू नका."

मी दोन्ही निरोप दिले. आप्पा गेले नाहीत. आईने सांगितलं, ट्रक आमच्याच रस्त्याने जायचे, तेव्हा ते परसात जाऊन नळ सोडून बसायचे.

जगभर मंदी आली त्या वर्षी बाईंच्या मुलाच्या कारखान्यात पाळ्या कमी केल्या. त्याच सुमारास नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आल्याचं कळलं आणि बाई परत गेल्या. नातू तेव्हा पहिलीत जायच्या वयाचा झाला होता आणि आजीशी इंग्रजीतच बोलत होता. त्यांचा एकदाच फोन आला. त्यांची इमारत पाडली होती, दोघांना दुसरीकडे दोन खोल्या मिळाल्या होत्या. नवरा ओळखतो, म्हणाल्या, पण बोलत नाही. तसा तो आधीही फारसा बोलत नव्हता. मी आप्पांची खुशाली सांगितली. बोलताना माझ्या क्रियापदांची रूपं चुकत होती आणि त्या ती सुधारत नव्हत्या. मग मी नंबर लावला तर तो लागेना, आणि सून-मुलगाही तोवर सिंगापूर सोडून गेले होते.

आप्पांनी एका यंत्रमागवाल्याकडे काम धरलं होतं. वर्षाच्या आत सोडलं. मी विचारलं, "का सोडलं? पैसे देत नव्हता का?"

"पैसे द्यायचा की," ते म्हणाले. "पर त्या मागाचा आवाज वेगळा हाय. दिवसभर कानात बसत न्हाई."

आता कुठे जाता विचारलं तर म्हणाले, कुठं न्हाई. बाईंचा दुसरा निरोप मी पुन्हा सांगायला लागले, तर त्यांनी आईला फोन दिला.